दगडापलीकडची पाळ

मला कोणी ‘माजी सरपंचबाई’ म्हणून हाक मारली की माझं डोकं फिरतं. बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुठेही असो. मी तोंडावर सांगते, नावानं हाक मारा, नाहीतर मारूच नका. लोक म्हणतात, बाई फटकळ आहे. आहेच मी फटकळ. पण सरपंच होते त्या पहिल्या वर्षी जिथे तोंड उघडायला हवं होतं तिथे मी ते मिटून बसले, आणि जिथे मिटायचं तिथे ठराव वाचत सुटले. ते आज एकदाचं सांगून टाकते.

सावली तालुक्यात, वैनगंगेच्या बाजूच्या धानाच्या पट्ट्यात आमची टोली, म्हणजे छोटी वस्ती. तलावाच्या एका अंगाला मोठं गाव, दुसऱ्या अंगाला टोली, आणि दोन्हींना जोडणारी तलावाची लांबलचक पाळ. तलाव जुना, मालगुजारांच्या काळातला. पाळ म्हणजे मातीचा मोठा बांध, तिच्यावर आंब्याची आणि मोहाची झाडं. माझा जन्म मोठ्या गावातला आणि सासर टोलीतलं. माझी वरात त्या पाळीवरूनच आली. पाळीच्या मधोमध उभं राहिलं की एका हाताला माहेरचा धूर दिसायचा आणि दुसऱ्या हाताला सासरचा.

माझा बाप त्या तलावाचा पाणकर होता. पाणकर म्हणजे पाणी वाटणारा. तलावाच्या पाण्याला जी तोटी असते तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. ते कधी उघडायचं, कधी बुजवायचं, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ पाणी जाऊ द्यायचं, सगळं बापाच्या हातात. त्याचे आजेही हेच करायचे. पगार वगैरे काही नाही. धान निघाला की दोन्ही गावांतून घरटी एक टोपली धान त्याला मिळायचा, आणि कापणीची पहिली पेंडी आधी त्याच्या अंगणात जायची, मग देवापुढे. पाणी वाटण्याइतकंच मोठं काम होतं पाळ पाहायचं. रोज सकाळी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायचा. चप्पल घातली तर पाळ बोलत नाही म्हणायचा. पायाला कुठे नरम लागलं, कुठे ओल लागली, की तिथे काठी रोवून ठेवायचा आणि दुपारी माती घेऊन यायचा. मी लहान असताना त्याच्या मागे मागे चालले आहे. मला कधी काही नरम लागलं नाही. त्याला लागायचं.

टोलीची तक्रार जुनी होती. ग्रामपंचायत एकच, ती मोठ्या गावात. बोअरिंग त्यांच्याकडे, दिवे त्यांच्याकडे, घरकुलं त्यांच्याकडे. आमच्या वाट्याला निवडणुकीच्या दिवशीची जीप. आमचे लोक दहा वर्षं अर्ज करत राहिले आणि नव्वदच्या दशकात एकदाचा आदेश आला, टोलीची ग्रामपंचायत वेगळी. बाप्पा, काय गुलाल उधळला होता! बैलांच्या शिंगांनाही गुलाल. त्याच सुमारास बायांसाठी जागा राखीव झाल्या होत्या, आमची जागा नेमकी बाईची निघाली. टोलीत सातवी पास बाई मी एकटीच. आमच्या घरच्यांना विचारलं तर हे म्हणाले, "होय बाप्पा, नाईतरी घरात तुहंच चालते." झाले मी सरपंच.

शाळेतले गुरुजी रेडिओ फार ऐकायचे. त्या वर्षांत रेडिओवर नव्या नव्या देशांची नावं येत होती. एक मोठा देश फुटला आणि त्यातून किती देश निघाले म्हणे. गुरुजी मला म्हणाले, "बाई, तुमची टोली आता तशीच. पहिलं वर्षच कठीण असते. तिजोरीत पैसा नसते, शेजारी ओळख देत नाई, आणि मग लोकायले काईतरी दाखवाचं म्हणून सरकार पहिले हद्द आखते." आम्ही सगळे हसलो. मला तर ते कौतुकच वाटलं. देश म्हणाले गुरुजी आमच्या टोलीला!

देश कसला, नुसती फजिती. कचेरी म्हणून समाजमंदिराची पडवी. एक खुर्ची, तीही शाळेची. ग्रामसेवक आठवड्यातून दोनदा सायकलवर यायचा, त्याच्याकडे आणखी दोन गावं. मोठ्या गावानं दप्तर द्यायला सहा महिने लावले. आज किल्ली नाही, उद्या सचिव नाही, परवा अमावस्या. घरपट्टी मागायला गेलं तर आमचेच लोक म्हणायचे, आता आपलंच राज्य आहे ना वं बाई, मग पट्टी कशाची? पंचायत समितीत गेले तर साहेब विचारायचे, कोणती टोली? मी सांगायची. ते म्हणायचे, ती तर मोठ्या गावात येते. मी म्हणायची, आता नाही येत साहेब. ते कागद उलटेपालटे करायचे आणि सांगायचे, पुढच्या महिन्यात या. आमच्याजवळ खरं म्हणजे एकच वस्तू होती, चंद्रपूरहून करून आणलेला गोल रबरी शिक्का. तो मी कुंकवाच्या करंड्याजवळ ठेवायची. खोटं कशाला बोलू, त्याचा मला गर्व होता.

हातात काही नाही आणि लोकांना दाखवायचं तर आहे. मग गुरुजी म्हणाले तेच आम्ही केलं. तलाठ्याकडून नकाशा पाहिला. पाळीचा मोठा भाग आणि तुडूम मोठ्या गावात, शेवटचा तुकडा आमच्या हद्दीत. आमचे उपसरपंच मोठे उत्साही गृहस्थ होते. दारू नाही, तंबाखू नाही, फक्त भाषण. त्यांनी पाळीवर एक दगड उभा केला, चुन्यानं पांढरा केला आणि वर गेरूनं आमच्या पंचायतीचं नाव लिहिलं. शिवेचा दगड. त्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले.

आणि मग उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत पाणकराचा विषय निघाला. उपसरपंच उठले. "पाणकर मोठ्या गावचा. त्याले आपण टोपली देतो म्हंजे काय करतो? दुसऱ्याच्या राज्याले सारा भरतो! उद्या ते म्हणतीन, आमचा मानूस तुमच्या पाळीवर रोज चालते, म्हून पाळ आमची. आपला पाणकर आपण नेमाचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी मागून म्हणालं, "सरपंचबाई काऊन बोलून नाई राह्यली? तिचा बाप हाये ना थो. माहेराकडून वळण असनच."

ते वाक्य मला असं झोंबलं की विचारू नका. वर्षभर मी ते ऐकत होते. दप्तर उशिरा आलं, माहेरवाशीण आहे ना. दिवे लागले नाहीत, माहेरवाशीण आहे ना. मी ताडकन उठले आणि म्हटलं, लिहा ठराव. मोठ्या गावच्या पाणकराचा टोलीतला हक्क बंद. त्यानं दगडाच्या अलीकडे, आमच्या हद्दीतल्या पाळीवर येऊन कामकाज करू नये. मीच सांगितलं, मीच सही केली, मीच शिक्का मारला. कोणी बळजबरी केली नाही. टोलीनं त्या दिवशी पहिल्यांदा माझा जयजयकार केला आणि मला गोड लागला. नवा पाणकर म्हणून उपसरपंचांचे साळे नेमले. ते आयुष्यभर किराणा दुकानात बसलेले.

नोटीस पोचवायला शिपाई कुठला? मीच गेले. बाप अंगणात दोरी वळत बसला होता. मला पाहून उठला. मी सरपंच झाल्यापासून तो मला बाई म्हणायचं सोडून सरपंचबाई म्हणायचा, थट्टेनं की मानानं ते मला कधी कळलं नाही. मी उभ्याउभ्याच कागद वाचला, कचेरीतल्या आवाजात. तो कान देऊन ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "टोपलीचं काई नाई. पन दगडापर्यंत येऊ शकतो ना मी?"

"दगडापर्यंत येजो बा."

"मंग ठीक हाये. थ्या पलीकडे कोन पायन?"

"आमचा पाणकर हाये ना."

"थो चप्पल घालून चालते का?"

मी चिडले. म्हटलं, ते आमचं आम्ही पाहू, तू इथे अंगठा दे. त्यानं अंगठा दिला आणि शाईचं बोट दोरीला पुसलं. आईनं चहा ठेवला होता. मी न पिता निघाले, सरकारी कामावर होते ना मी!

त्या दिवसापासून तो रोज सकाळी दगडापर्यंत यायचा. माझ्या घराच्या मागच्या दारातून पाळ दिसते. मी भांडी घासताना पाहायची, दगडाजवळ तो थांबलेला असायचा. काठी टेकून आमच्या तुकड्याकडे बघत राहायचा, बराच वेळ. मग वळून जायचा. मला वाटायचं हट्ट करतो आहे, लोकांत मला लाजवतो आहे. मी मागचं दार लावून घ्यायला लागले.

पाऊस सुरुवातीला बरा झाला. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला. पोळा झाला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. धान गर्भात आलेला, बांध्या तडकायला लागल्या. आता तलावाचं पाणी सोडायची वेळ. मोठ्या गावानं आपल्याकडचं तुडूम उघडलं आणि टोलीकडे येणारा पाट मातीनं बुजवून टाकला. का तर तुमची पंचायत वेगळी, तुमचं पाणी वेगळं. पाणकर तुमचा, मग पाणीही त्यालाच मागा.

झालं, आमचं परराष्ट्र खातं कामाला लागलं. मी पत्र लिहिलं, जावक क्रमांक घातला. त्यांचं उत्तर आलं, आवक क्रमांक पडला. पुन्हा पत्र. उपसरपंच आणि दोन सदस्य शिष्टमंडळ म्हणून गेले. मोठ्या गावच्या सरपंचांनी त्यांना बसवलं, पोहे खाऊ घातले, लग्नकार्यांची चौकशी केली आणि पाण्याचं नाव निघताच म्हणाले, "बैठकीत ठेवतो भाऊ." तहसीलदारांकडे गेलो. ते म्हणाले, दोन्ही पंचायतींनी आपसात मिटवा. पंचायत समितीचे साहेब म्हणाले, पाटबंधारेवाल्यांना विचारा. पाटबंधारेवाले म्हणाले, हा तलाव आमच्याकडे येत नाही. कागद फिरत होता आणि तिकडे धान पिवळा पडत होता.

बापानं त्या दिवसांत एकदा आईबरोबर निरोप धाडला होता की तुझी नोटीस मागे घे, मी गावाला समजावतो, पाट माझ्या शब्दानं उघडतील. मी आईला म्हटलं, ठराव असा मागे घेता येत नाही, ग्रामसभा घ्यावी लागते. ग्रामसभा घेतली असती तर काय बिघडलं असतं? पण लोक काय म्हणतील याच्या पुढे माझी अक्कल जात नव्हती.

तेवढ्यात उपसरपंचांना युक्ती सुचली. पाळीचा एक तुकडा आपल्या हद्दीत आहे ना? मग आपलं तुडूम आपण करू. रस्त्याच्या कामावरचा एक सिमेंटचा पाईप ठेकेदार टाकून गेला होता. सगळी टोली कुदळ-फावडी घेऊन पाळीवर गेली. दगडाच्या अलीकडे पाळ आडवी खोदली, पाईप ठेवला, वरून दगडधोंडे, ढेकळं जे मिळालं ते लोटलं. एका दुपारचं काम. पाईपाच्या तोंडातून पाणी पडलं तेव्हा बायांनी ओवाळलं. उपसरपंचांना खांद्यावर घेतलं. मीही ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप दगडाजवळ होता आणि मी मुद्दाम पाळीवर गेले. दगडाच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी. मला वाटलं, म्हणेल, शाब्बास. तो पाईपाकडे बघत म्हणाला, "पाळीच्या पोटात सिमेंट घातलं वं तुमी."

"पानी येऊन राह्यलं ना बा. धान वाचला."

"आज वाचला. मातीले सिमेंट धरत नाई बाई. त्याच्या कडेकडेनं पानी वाट काढते. खोदलं तं खोदलं, पन भरतानी चिकन माती टाकून हल्ले फिरवा लागते, तीन-तीन दिवस तुडवा लागते. हे तं नुसतं लोटलं." हल्ले म्हणजे रेडे. मग त्यानं काठीनं पाळीच्या खालच्या अंगाला दाखवलं. "तिथी झिरपा दिसते का? पानी निर्मळ हाये तवरक भेव नाई. गढूळ आलं तं समज पाळीची माती वाहून राह्यली."

मी हो म्हटलं आणि घरी आले. नव्या पाणकराला सांगितलं. तो म्हणाला, पाहतो. त्यानं पाहिलं असेल, दुकान बंद करायला वेळ मिळाला असेल तर.

हस्ताचा पाऊस लागला. आधी सगळे खूष. तीन दिवस झाले, चार झाले, थांबायचं नाव नाही. तलाव काठोकाठ भरत आला. आम्ही पाईपाच्या तोंडात पोतं कोंबून ते बंद केलं, आता पाणी नको होतं. बाप त्या पावसातही डोक्यावर घोंगडं घेऊन दगडापर्यंत यायचा. आता तो दिवसातून दोनदा यायला लागला. मला मागच्या दारातून दिसायचं. दार लावलं तरी तो तिथे आहे हे माहीत असायचं, स्वयंपाकात लक्ष लागायचं नाही.

शुक्रवारी तो कचेरीत आला. तलावाला वळसा घालून, रस्त्यानं, पाळीवरून नाही. ठराव पाळला त्यानं. पडवीत ग्रामसेवक होता, उपसरपंच होते, आणखी चार लोक पाऊस पाहत बसलेले. बाप पायऱ्यांखाली उभा राहिला, ओलाचिंब. म्हणाला, "सरपंचबाई, झिरपा गढूळ झाला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाप आणि लेक काय करतात ते पाहू म्हणून. मला वाटलं, आत्ता मी याच्या म्हणण्यावर धावले तर हे म्हणतील, बापानं सांगितलं आणि हिनं ऐकलं, झालं टोलीचं राज्य. मी आवाज कडक केला.

"काय पायजे तुमाले?" बापाला तुमाले म्हणाले मी.

"मले दगडापलीकडे येऊ दे. तीन दिवस. हल्ले मी आनतो, माती मी आनतो. पाईप काढून तुडवून देतो."

"असं तोंडी चालत नाई. अर्ज द्या."

तो गोंधळला. ग्रामसेवकानं कागद काढला आणि लिहिलं, अर्जदारास आपल्या हद्दीतील पाळीवर येऊन दुरुस्ती करण्यास परवानगी मिळावी ही विनंती. बापानं अंगठा दिला. मी वर शेरा मारला, येत्या मासिक सभेपुढे ठेवावे. आवक क्रमांक घातला, शिक्का मारला. तो सगळं बघत होता, अंगणातून मला शाळेत जाताना बघायचा तसा.

"झालं आता?" त्यानं विचारलं.

"झालं. सोमवारी सभा हाये."

"सोमवारपर्यंत पाळ थांबन का वं बाई?"

उपसरपंच हसले. म्हणाले, "भाऊ, पाळीलेबी एक नोटीस देऊन टाकू, थांब म्हनून." सगळे हसले. मी हसले नाही हे मी आतापर्यंत लोकांना सांगत आले. खोटं आहे. मीही हसले.

शनिवारी पाऊस उघडला. लख्ख ऊन पडलं. मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते आणि सवयीनं पाळीकडे पाहिलं. दगडाजवळ कोणी नव्हतं. मग दिसलं, तो दगडाच्या अलीकडे होता. आमच्या हद्दीत. पाईपाच्या वर उभा राहून तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे पायानं दाबत होता, एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. जवळ मातीचा ढीग होता. एकटाच. हल्ले आणायला वेळ मिळाला नसावा.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? भीती नाही वाटली. संताप आला. दोन दिवस थांबवलं नाही याला! आता टोलीनं पाहिलं तर माझं काय करतील! मी इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघतंय का. हातातलं लुगडं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं, चारही टोकं नीट केली. एवढा वेळ मी घेतला. मग म्हटलं, जाऊन हाताला धरून आणावं, आणि निघाले. मी बांधाच्या कडेला पोचले तेव्हा पायाखालची जमीन थरथरली. आवाज नंतर आला. पाळीचा तो तुकडा आधी खाली बसला, अलगद, आणि मग तिथे नुसतं पाणी होतं.

टोलीतलं माणूस एकही गेलं नाही. उताराला, माझ्या घरापासून लांब, अकरा घरं होती, ती सगळी बसली, पण रिकामी होती. नंतर त्या घरच्या बायांनी सांगितलं की सकाळीच बाप आला होता. दारोदार काठी आपटत गेला. निघा, पोरं घ्या, ढोरं सोडा, टेकडीवर जा. एकीनं त्याला विचारलं म्हणे, सरपंचबाईचा हुकूम हाये का? तो म्हणाला, हो, तिनंच धाडलं मले. माझ्या घरी तो आला नाही. माझं घर उंचावर, आम्हाला धोका नव्हता म्हणून आला नसेल. मी असंच समजते.

संध्याकाळी तो सापडला, आमच्याच शेताच्या खालच्या बांधीत, निसवलेल्या धानावर पाण्यानं आणून टाकलेला. धान सगळा रेतीखाली गेला होता, त्याच्या भोवती तेवढा थोडा उभा होता. मोठं गाव लोटलं. टोली आधीच जमली होती. ठाण्यातून जमादार आला, पंचनाम्याचा कागद काढला आणि म्हणाला, "जागा कोणत्या पंचायतीत येते?" वर्षभर एक-एक हात जमिनीसाठी भांडलेले लोक. मोठ्या गावचे सरपंच खाली बघत होते. उपसरपंच बांधावर जाऊन बसले. मीच म्हटलं, आमच्या हद्दीत येते, लिहा. ग्रामसेवकानं मृत्यूची नोंदवही आणली, कोरी करकरीत, जिच्यावर आम्ही हळदकुंकू वाहिलं होतं. तो म्हणाला, बाई, मी लिहितो. मी म्हटलं, आण इकडे. पहिल्या ओळीत मी माझ्या बापाचं नाव लिहिलं. आई मला त्यानंतर कितीतरी महिने काही बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं मी तरी कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

सोमवारी मासिक सभा झाली. पुढे ढकला असं सगळे म्हणाले, मी ढकलू दिली नाही. पडवीत चिखल होता, पाट टाकून बसलो. ग्रामसेवकानं विषयपत्रिका उघडली. पहिला विषय, पाणकराचा अर्ज. त्याला पान उलटायचं होतं. मी म्हटलं, वाच. त्याला वाचवेना, म्हणून मीच वाचला, पहिल्या अक्षरापासून अंगठ्यापर्यंत. उपसरपंच रडत होते, पण हात त्यांनीच आधी वर केला. मग सगळ्यांनी केला. मी प्रोसिडिंगची वही ओढली आणि लिहिलं, अर्जदारास आमच्या हद्दीतील पाळीवर येऊन दुरुस्ती करण्यास परवानगी देण्यात येत आहे, सर्वानुमते मंजूर. खाली सही केली आणि शिक्का मारला.